कराडला पोचलात की काढा

घरामागच्या मांगरात ताडपत्रीखाली पडून असलेली पद्मिनी पुन्हा सुरू करायची, असं बाबांनी रिटायर झाल्यावर ठरवलं. १९८६ सालची गाडी. आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. २०११ पासून ती चिपळूणजवळच्या आमच्या घरी नुसती उभी होती.

माझ्या वयाच्या बहुतेकांना पद्मिनी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली गाडी. तिची शेवटची टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. मला मात्र पद्मिनी म्हटलं की तिची मागची सीट आठवते. शाळा, पोहणं, आजोळ, सगळीकडे मी त्या सीटवर बसून गेले आहे. आई चालवायची.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दिवाळीत चार दिवस जास्तीची रजा काढून गेले. मेकॅनिकने कार्बोरेटर साफ करून इंजिन सुरू करून दिलं होतं. नवी बॅटरी बसवली. दिवे तपासायला मी ब्रेक दाबला, बाबा मागे उभे.

"लागला का?"

"नाही. पण वास येतोय बघ कसला तरी."

मी किल्ली बंद केली, बॅटरीची वायर काढली आणि फ्यूजची डबी उघडली. एका फ्यूजभोवती चंदेरी कागद गुंडाळलेला होता. सिगारेटच्या पाकिटात असतो तो. बाबांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही.

"हा कुणी लावला?"

बाबा जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अगं हो. तो घाटातला."

गोष्ट २००६ च्या पावसाळ्यातली. आजीच्या छातीत दुखायला लागलं, तिला घेऊन आई-बाबा रात्री कराडला निघाले. मी आजोबांबरोबर घरी होते. कुंभार्ली घाटात धुकं आणि पाऊस. ब्रेक दाबला की फ्यूज उडायचा, आणि त्याच फ्यूजवर वायपर होता, म्हणजे काच आंधळी. जवळचे दोन्ही फ्यूज गेले. शेवटी एका ट्रकवाल्याने गाडी थांबवली, खिशातलं पाकीट काढलं, कागद फाडून उडालेल्या फ्यूजवर गुंडाळला आणि बाबांना म्हणाला, "कराडला पोचलात की काढा."

ते वेळेत पोचले. आजी त्यानंतर नऊ वर्षं जगली. कागद तसाच राहिला.

शॉर्ट म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. जुन्या गाडीत दिव्याला बहुधा एकच वायर जाते. वीज परत येते ती गाडीच्या पत्र्यातून, कारण बॅटरीचं दुसरं टोक पत्र्यालाच जोडलेलं असतं. वायरीचं आवरण कुठे घासून गेलं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकलं, की विजेला जवळची वाट मिळते. मध्ये दिव्याचा अडथळाच उरत नाही. अशा वेळी १२ व्होल्टची साधी बॅटरी शंभरावर अँपिअर सहज सोडते. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. म्हणून वाटेत फ्यूज असतो. वायर पेटण्याआधी आपण वितळून जायचं, एवढंच त्याचं काम. आमचा फ्यूज ८ अँपिअरचा होता. चंदेरी कागद किती अँपिअरचा असतो, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

मी कागद काढून नवा फ्यूज बसवला. ब्रेक दाबताच उडाला.

"फ्यूजच खराब असेल," बाबा म्हणाले. "दुसरा टाक."

दुसराही उडाला. आपण सगळे हे करतो. काही उडालं की पहिला संशय फ्यूजवर. घरात मोटारीचा फ्यूज दोनदा गेला, की तिसऱ्यांदा कुणीतरी चिनी मातीच्या किटकॅटमध्ये जाड तांब्याची तार घालतं. मग तो जात नाही आणि सगळे म्हणतात, आता कसं छान चालतंय.

मल्टिमीटरने शोधायला गेले तर त्याने मलाच फसवलं. शॉर्ट असेल तर तो बीप करतो, म्हणून मी लावला आणि तो बीप करत राहिला. बऱ्याच वेळाने कळलं, की थंड बल्बच्या तारेचा रोध इतका कमी असतो की मीटरला तो शॉर्टसारखाच भासतो. मागचे बल्ब काढले तेव्हा बीप थांबली. पण मग शॉर्टसुद्धा सापडेना. तो यायचा आणि जायचा.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या वायरिंगवाल्या काकांना विचारलं. त्यांनी होल्डरमध्ये २१ वॅटचा बल्ब बसवला, दोन लांब वायरी आणि चिमटे जोडले आणि हातात दिला. "फ्यूजच्या जागी हा लाव. मागचे बल्ब काढूनच ठेव. हा पेटला की समज, तांबं कुठेतरी टेकलंय. विझला की सुटलं."

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा बल्ब आहे. विचार करा, चंदेरी कागद आणि बल्ब, दोन्ही एकाच जागी बसतात. दोन्ही लावल्यावर फ्यूज उडणं थांबतं. कागद शॉर्टला हवं तेवढं जाऊ देतो आणि काहीच सांगत नाही. बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाऊ देत नाही, आणि जे जातं ते उजेडाने दाखवतो.

आम्ही बल्ब खिडकीला टांगला. आई ड्रायव्हरच्या सीटवर, ब्रेकवर पाय ठेवून. बाबा आणि मी वायरींचा जुडगा पुढून मागे हलवत निघालो. काही नाही. मग बाबांना सुचलं, की त्या रात्री डिकी सामानाने भरलेली होती. भाताची दोन पोती डिकीत टाकली. आई ओरडली, "पेटला!"

पुढचं माझ्या ओळखीचं होतं. कोडमधली चूक शोधताना आम्ही निम्म्यावर तोडून बघतो, चूक अलीकडे की पलीकडे. मागच्या सीटखालचा जोड सोडला, बल्ब विझला. म्हणजे दोष जोडाच्या मागे. सीट काढली. सीटमागच्या पत्र्यातल्या भोकातून जुडगा डिकीत जात होता. त्या भोकाला असलेली रबरी कडी कधीच भुगा होऊन गेली होती आणि वायर थेट पत्र्याच्या धारेवर बसली होती.

धारेवर काळे ठिपके होते. बारीक बारीक खड्डे. मी मोजायला लागले आणि एकोणिसावर थांबले. खड्ड्यात गाडी आदळताना ब्रेक दाबला, की तांबं टेकायचं, ठिणगी पडायची, एखादी तार जळून सुटायची. वायर बरीच लांब करपली होती, शेजारच्या वायरीचं आवरणही वितळलं होतं. सीटच्या भरावाचा खालचा कोपरा तांबूस झाला होता. डाव्या बाजूचा. मी नेहमी डावीकडे बसायचे. आणि त्याच्या मागे पेट्रोलची टाकी.

आईने ते बघितलं आणि काही न बोलता घरात गेली. बाबा मांगराच्या पायरीवर बसले.

"मी काढणार होतो," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी आजीचं सगळं होतं. मग विसरलो. चालत होती ना गाडी."

मला राग आला होता, आणि कशाचा ते नीट सांगता येत नव्हतं. काही झालं नव्हतं. कागद नसता तर आजी कदाचित घाटातच गेली असती. मग बाबांचं चुकलं काय?

टॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये हा प्रश्न मांडला. त्याला आपण नैतिक नशीब म्हणू. नेगेलचं उदाहरण गाडीचंच आहे. ब्रेक तपासून घ्यायला टाळाटाळ केलेला ड्रायव्हर. त्याच्या वाटेत मूल आलं तर तो आयुष्यभर स्वतःला दोष देईल, जगही देईल. मूल आलंच नाही, तर तोच निष्काळजीपणा कुणाच्या लक्षातही येत नाही. दोघांनी केलं ते सारखंच. फरक फक्त नशिबाचा. बाबा हे नशीबवान ड्रायव्हर. पाच वर्षं, एकोणीसहून जास्त वेळा.

मला हे इतकं लागलं, कारण मी तितकी नशीबवान नव्हते.

मागच्या वर्षी ऑफिसात माझी रात्रीची पाळी असताना एक अलार्म सारखा वाजायचा. प्रक्रियेच्या रांगेत ५०० ऑर्डरी साचल्या की वाजायचा, आणि थोड्या वेळाने रांग आपोआप ओसरायची. रात्री अडीचला मी तो आकडा ५००० केला. शेजारी लिहिलं, 'तात्पुरतं'. नंतर माझी टीम बदलली. आठ महिन्यांनी रांग खरोखर तुंबली. लोकांचे पैसे कापले गेले, ऑर्डरी पुढे गेल्याच नाहीत, आणि कळलं ते फार उशिरा. त्या रात्री पाळीवर असलेल्या नव्या मुलाला सगळ्यांसमोर विचारलं गेलं, तुला इतक्या उशिरा कसं कळलं? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं. मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी लिहून कळवलं. मला कुणी काही बोललं नाही. त्या मुलाने मेसेज केला, 'थँक्यू'. तो अजून वाचवत नाही.

आमच्या व्यवसायात याला तांत्रिक कर्ज म्हणतात. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरने १९९२ मध्ये ही उपमा वापरली. आज घाईत पुढे जा, पण नंतर फेडा, नाहीतर व्याज वाढत जातं. उपमा चांगली आहे, पण बँकेच्या कर्जावर निदान घेणाऱ्याची सही असते, हप्त्याची तारीख असते. माझ्या 'तात्पुरतं'वर दोन्ही नव्हतं. कर्ज मी काढलं, हप्ता त्या मुलाने भरला. घाटातलं कर्ज बाबांनी काढलं आणि त्याचा हप्ता मागच्या सीटवर बसलेल्या, काहीच माहीत नसलेल्या मुलीकडून कधीही वसूल झाला असता.

म्हणून घाटात कागद लावण्याबद्दल मी बाबांना दोष देत नाही. पुन्हा तशी रात्र आली तर मीही लावीन. रात्री अडीचला अलार्म बंद करणंही दर वेळी गुन्हा नसतो, माणसाला झोप लागते. चूक कराडला सुरू होते. संकट टळलेलं असतं, ऊन पडलेलं असतं, गाडी चालत असते, आणि कागद काढायचं एकही निकडीचं कारण उरलेलं नसतं. तेव्हा काढणं हे आपल्यावर त्या माणसाचं देणं असतं, जो आपल्यामागे डोळे मिटून बसलेला आहे. काही घडलं की नाही, यावरून ते कमी-जास्त होत नाही.

आणि विसरणं? बाबा खरंच विसरले होते. पण विसरणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. म्हणून त्या जागी गप्प बसणारी वस्तू ठेवायची नाही, खिडकीला टांगलेल्या बल्बसारखं काहीतरी ठेवायचं. मी आता कुठलाही अलार्म थांबवला तर शेजारी माझं नाव घालते आणि सात दिवसांनी तो आपोआप पुन्हा सुरू होईल असं करते. कधी तो रविवारी पहाटे वाजतो. वाजू दे.

आम्ही करपलेल्या वायरी बदलल्या, भोकाला नवी रबरी कडी बसवली, ८ चा फ्यूज टाकला. आईने ब्रेक दाबला. बाबा मागे उभे.

"लागला!"

पुण्याला आल्यावर चार दिवसांनी बाबांचा फोन आला. मला वाटलं गाडी बंद पडली.

"गाडी बरी आहे गं," ते म्हणाले. "विहिरीच्या मोटारीचं किटकॅट उघडलं आज. जाड तार होती त्यात. कधी घातली, आठवत नाही. काढून टाकलीय. वायरमन उद्या येतो म्हणालाय, तोवर पाणी रहाटाने काढतोय."

मागून आईचा आवाज आला, "सांग तिला, हे काढतायत. मी नाही."