देहावर कोरलेला चेहरा

२ नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा दिवस. गेल्या वर्षी त्या संध्याकाळी कबरींवर मेणबत्त्या लावून माणसे दफनभूमीतून परतत होती, तेव्हा आमच्या नात्यातील एक भगिनी मागे रेंगाळली. तिचा २४ वर्षांचा मुलगा त्याच वर्षी ऐन पावसाळ्यात अपघातात गेला होता. कबरीवरची फुले सारखी करता करता ती आम्हांला म्हणाली, "त्याचा चेहरा मला हातावर टॅटू करून घ्यायचा आहे. फोटोत आहे ना, अगदी तसाच. ते पाप आहे का, एवढंच मला सांगा."

आम्ही उत्तर दिले, आणि ते फार लवकर दिले. मृतांसाठी अंगावर जखमा करून घेऊ नयेत, देहावर गोंदून घेऊ नये, अशी आज्ञा लेवीय ग्रंथाच्या १९व्या अध्यायात आहे, एवढे सांगून आम्ही मोकळे झालो. ती काहीच बोलली नाही. पदर सावरून निघून गेली. घरी पोहोचेपर्यंत आम्हांला आमच्याच उत्तराची लाज वाटू लागली. तिने विचारले होते एक आणि आम्ही सांगितले होते भलतेच. शिवाय जे सांगितले तेही अर्धवट होते.

ज्या अध्यायात गोंदण्याची मनाई आहे, त्याच अध्यायात दोन प्रकारच्या धाग्यांचे वस्त्र अंगावर घालू नये आणि दाढीच्या कडा कापू नयेत, असेही सांगितले आहे. ते आपण पाळत नाही आणि पाळले नाही म्हणून कोणी पापनिवेदनाला जात नाही. शेजारच्या लोकांच्या मृतांविषयीच्या चालीरीतींपासून इस्राएलला वेगळे ठेवावे, हा त्या नियमांमागचा हेतू होता, असे अनेक अभ्यासक मानतात. ख्रिस्तसभेनेही गोंदण सरसकट निषिद्ध ठरवलेले नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्थम्ब्रियात भरलेल्या धर्मसभेने जुन्या अंधश्रद्धेपोटी केलेले गोंदण धिक्कारले, पण देवासाठी कोणी ती वेदना सोसली तर त्याला मोठे फळ मिळेल, असेही म्हटले. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती आजही मनगटावर क्रूस गोंदवून घेतात. जेरुसलेमच्या जुन्या शहरात रझ्झूक नावाचे एक कॉप्टिक घराणे पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंच्या हातांवर क्रूस गोंदत आले आहे. नक्षी उमटवण्याचे त्यांचे जुने कोरीव लाकडी ठसे अजून जपलेले आहेत. आणि आपल्या महाराष्ट्रात तर गोंदण हा शृंगारही होता व श्रद्धाही. मरताना दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढे सोबत येते, असे जुन्या बाया म्हणत.

तेव्हा प्रश्न खुणेचा नव्हता. तथापि ही सारी उदाहरणे आठवूनही आमचे समाधान होईना. कारण क्रूस काय किंवा तुळशीवृंदावन काय, ती चिन्हे आहेत. एकाच ठशाने हजारोंच्या हातांवर उमटतात आणि प्रत्येकाची असतात. चेहरा मात्र एकाचाच असतो. चिन्ह थोडे वाकडे उमटले तरी चिन्हच राहते. चेहरा केसभर चुकला तर तो दुसऱ्याच कोणाचा तरी होतो.

असा हुबेहूब चेहरा त्वचेवर उतरवण्याची कला आज ज्या रूपात दिसते, ते रूप तसे अलीकडचे आहे. त्याच्या जन्माची हकिकत कॅथलिक वाचकाने जाणून घ्यावी अशी आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत मेक्सिकन वंशाचे, म्हणजे चिकानो म्हणवले जाणारे तरुण कैदी गिटारची तार घासून तिची सुई करीत, कॅसेट प्लेअरची छोटी मोटर तिला जोडीत आणि मिळेल त्या काळ्या शाईने गोंदीत. रंग नव्हते आणि सुई एकच. त्यामुळे रेघ बारीक येई आणि काळ्याच्याच फिकट छटांनी गालाची गोलाई, डोळ्याखालची सावली साधावी लागे. १९७५ साली चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये दुकान काढले आणि ही तुरुंगातली शैली उजळ माथ्याने रस्त्यावर आली. कोठडीत हात बसवलेला फ्रेडी नेग्रेते १९७७ साली त्यांना येऊन मिळाला. ही माणसे काय रेखीत होती? ग्वादालूपेची माता, काट्यांचा मुकुट घातलेला ख्रिस्त, प्रार्थनेसाठी जोडलेले हात, आईचा चेहरा, मारल्या गेलेल्या मित्राचा चेहरा. ज्यांच्याजवळचे सर्व काही कोणीही काढून घेऊ शकत होते, त्यांनी जे काढून घेता येत नाही त्या कातडीवर आपली माणसे जपली. ही हकिकत कळल्यावर दफनभूमीतील त्या प्रश्नाकडे केवळ फॅशन म्हणून पाहणे आम्हांला शक्य राहिले नाही.

आम्ही त्या भगिनीची क्षमा मागितली आणि मुंबईच्या उपनगरातील ज्या टॅटू कलावंताकडे ती जाणार होती, त्याच्याकडे तिच्यासोबत गेलो. खरे सांगायचे तर मनात पूर्वग्रह घेऊनच गेलो. जागा एखाद्या दंतवैद्याच्या खोलीसारखी स्वच्छ होती. तिशीच्या आतबाहेरच्या त्या तरुणाने आधी मधुमेह आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारले. मग फोटो मागितले. तिने पाकिटातला पासपोर्टचा फोटो काढून दिला. तो पाहून त्याने हळूच परत केला. "मावशी, यात उजेड समोरून पडलाय. सावलीच नाही. सावली नसली की नाक नाही, गाल नाही. घरी आहेत तेवढे सगळे फोटो आणा."

मग त्याने आपल्या कामाची रीत सांगितली. फोटोवरून रेषांचा ठसा काढून तो त्वचेवर उमटवायचा. काळ्या शाईत पाणी मिसळून चार-पाच करड्या छटा करायच्या आणि फिकट छटेकडून गडद छटेकडे जायचे, कारण एकदा गडद झालेले पुन्हा उजळ करता येत नाही. डोळ्यांतली चमक रंगाने येत नाही. तेवढी जागा कोरीच सोडावी लागते. चेहरा निदान तळहाताएवढा हवा. शाई वर्षांगणिक त्वचेत थोडी पसरते आणि लहान चेहऱ्याचे डोळे दहा वर्षांत दोन काळे ठिपके होऊन बसतात. तिला मनगटाजवळ, घड्याळाएवढा चेहरा हवा होता. तो म्हणाला, "तेवढा मी करणार नाही. आज छान दिसेल, पण पुढे तुम्हांलाच तो ओळखू येणार नाही."

दुसऱ्या खेपेला ती फोटोंची पिशवीच घेऊन आली. पहिल्या ख्रिस्तशरीराच्या दिवशीचा पांढऱ्या कपड्यांतला, दहावीचा, नव्या मोटारसायकलवरचा. त्याने ते सगळे टेबलावर मांडले आणि विचारले, "मावशी, यातला कुठला मुलगा काढू?"

ती रडू लागली. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वर्ष होऊ द्या. वर्षानं हेच वाटलं तर या, मी करीन." तिने आगाऊ रक्कम पुढे केली. त्याने ती घेतली नाही.

आज सर्वत्र ऐकू येणारे उत्तर असे की देह माझा आहे, त्यावर काय करायचे ते मी ठरवीन. या उत्तरात मोठे सत्य आहे आणि ते पूर्वजांनी फार सोसून मिळवलेले आहे. देहावरच्या खुणांचा इतिहास बराचसा बळजबरीचा आहे. रोमन साम्राज्यात गुलामांच्या आणि गुन्हेगारांच्या चेहऱ्यावर खुणा करीत. इ. स. ३१६च्या सुमारास सम्राट कॉन्स्टंटाइनने चेहऱ्यावर अशी खूण करण्यास मनाई केली. मानवाचा चेहरा स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिरूपात घडलेला आहे, तो विद्रूप करू नये, असे कारण दिले. हात आणि पोटऱ्या मात्र त्याने शिक्षेसाठी मोकळ्याच ठेवल्या. विसाव्या शतकात आउशवित्झच्या छळछावणीत लक्षावधी कैद्यांच्या हातांवर क्रमांक गोंदले गेले आणि माणसाचे नाव पुसून तेथे आकडा आला. ज्याच्या देहावर खूण व्हायची त्याची संमती हवी, ही गोष्ट म्हणूनच लहान नाही.

परंतु संमती पुरेशी आहे का? त्या भगिनीची संमती होती. ती पैसे घेऊन आली होती. कायद्याने आणि व्यवहाराने त्या तरुणाला काहीच आडकाठी नव्हती. तरीही तो थांबला, कारण शोकाच्या पहिल्या महिन्यांत माणूस स्वतःच्या वतीनेही पुरता बोलत नसतो, हे त्याने अनुभवाने जाणले असावे. ज्याच्या हातात सुई आहे त्याने समोरच्याच्या इच्छेचा मान राखायचा, तसा त्याच्या हिताचाही. वैद्याकडून, शिक्षकाकडून, धर्मगुरूकडून आपण हीच अपेक्षा करतो. कारागिराकडून ती करायला आपण विसरलो आहोत. नकार देण्याची ताकद नसलेल्या कलावंताच्या हाती देह सोपवू नये, हा नियम आम्ही त्या खोलीत शिकलो.

आणखी एक गोष्ट तेथेच लक्षात आली. चेहरा त्या मुलाचा होता, आणि तो आता काही सांगू शकत नव्हता. त्या घरात त्याची धाकटी बहीणही आहे. आई ताटात भात वाढील तेव्हा दरवेळी भावाचा चेहरा तिच्यासमोर येईल. तिला कोणी विचारले होते का? देह आईचा, हे खरे. परंतु त्यावर जे लिहायचे ते साऱ्या घराचे होते.

आता राहिला हुबेहूबपणाचा प्रश्न. प्रतिमांविषयी ख्रिस्तसभेत एकेकाळी मोठा वाद झाला. ७८७ साली नायसियाच्या दुसऱ्या महासभेने निर्णय दिला, की प्रतिमेला दिलेला मान तिच्यातून पार होऊन मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचतो. आम्हांला वाटते, हीच कसोटी येथेही लावावी. प्रतिमा आपल्याला त्या व्यक्तीकडे नेते का, की स्वतःपाशीच थांबवून ठेवते? फोटो म्हणजे एका क्षणाचा चेहरा. तोच क्षण कातडीवर खिळला, तर रागावलेला, आजारी, झोपेतून उठवलेला, लहानपणी चोरून चिंचा खाणारा असा जो मुलगा होता, तो हळूहळू त्या एका क्षणाखाली झाकला जाण्याची भीती असते. "कुठला मुलगा काढू?" हा त्या तरुणाचा प्रश्न कामाचा होता, पण त्याने आमच्या साऱ्या धर्मशास्त्रापेक्षा खोल हात घातला होता.

येथे विज्ञानाने शोधलेली एक गोष्ट आठवते. शाई त्वचेच्या वरच्या थराखाली एक-दोन मिलिमीटर खोल जाते. ती तेथे कायम कशी टिकते? फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की त्वचेतील भक्षक पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात. त्या पेशी अमर नसतात. त्या मरतात, शाई मोकळी होते, आणि नव्याने आलेल्या पेशी तीच शाई पुन्हा उचलून घेतात. म्हणजे ज्याला आपण अमिट म्हणतो तेही दगडावरच्या अक्षरासारखे निश्चल नसते. एकाने सोडायचे आणि दुसऱ्याने उचलायचे, अशा अखंड हस्तांतरातून ते टिकते. मृतांची स्मृतीही एका माणसाने घट्ट मूठ आवळून टिकत नाही. आईने सांगायचे, बहिणीने ऐकायचे, तिने पुढे आपल्या मुलांना सांगायचे, अशीच ती राहते. यशया संदेष्ट्याच्या ४९व्या अध्यायात देव आपल्या प्रजेला तळहातांवर कोरून ठेवल्याचे सांगतो, तेही मूल विसरू न शकणाऱ्या आईचा दाखला दिल्यानंतर लगेच. तेव्हा आपले माणूस देहावर असावे या ओढीला आम्ही तरी पाप म्हणणार नाही.

या पावसाळ्यात त्या मुलाला जाऊन वर्ष झाले. ती भगिनी अजून त्या तरुणाकडे गेलेली नाही. जाणार नाही, असेही तिने म्हटलेले नाही. फोटोंची पिशवी मात्र कपाटात परत गेली नाही. मायलेकी कधी कधी रात्री ती पलंगावर उपडी करतात आणि कोणता फोटो द्यायचा यावर वाद घालतात. मुलीला तो पुढचा दात पडलेला, हसणारा हवा आहे. आईला मोटारसायकलवरचा. मृत्यूनंतर कित्येक महिने त्या घरात त्याचे नाव कोणी काढीत नव्हते, हे आम्हांला ठाऊक आहे.

दफनभूमीत आम्हांला जो प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तर आज द्यायचे झाले तर आम्ही एवढेच म्हणू : पाप नाही, बाई. पण घाई करू नकोस, घरच्यांना विचार, आणि जो तुला नाही म्हणू शकतो त्याच्याकडूनच करून घे. त्या संध्याकाळी हे सांगायला आम्हांला सुचले नाही. ते शिकवायला सुई हातात धरणारा एक मुलगा भेटावा लागला.