अट कोणावर, मोकळीक कोणाला

विल्यम कॅरी जोडे शिवून पोट भरत असे. जोशुआ मार्शमन विणकराच्या घरातला, तर विल्यम वॉर्ड छापखान्यात वाढलेला. या तिघांपैकी एकानेही विद्यापीठात शिक्षण घेतलेले नव्हते. गरिबी हे त्याचे एक कारण. दुसरे कारण धर्माचे होते. तिघेही बाप्टिस्ट, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचे. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये नाव घालतानाच चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. केंब्रिजमध्ये बाहेरच्या पंथाच्या मुलाला शिकता येई, पण त्या चर्चशी बांधिलकी जाहीर केल्याशिवाय पदवी मिळत नसे. ही बंधने सैल व्हायला १८५० चे दशक उजाडले आणि ती बहुतांशी संपली ती १८७१ च्या कायद्याने. ज्यांच्यासाठी दार बंद होते अशा या तिघांनी १८१८ मध्ये कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला स्वतःचे महाविद्यालय काढले. त्यांनी तिथे प्रवेशाच्या अटी काय ठेवल्या, हे म्हणूनच नीट पाहण्यासारखे आहे.

महाविद्यालयाच्या पहिल्या पत्रकात दोन गोष्टी स्पष्ट होत्या. ख्रिस्ती आणि इतर अशा सर्व तरुणांना तिथे पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान शिकवायचे होते. आणि कोणत्याही विद्यार्थ्याच्या मनाला जे पाप वाटते असे एकही कृत्य त्याच्याकडून करवून घ्यायचे नव्हते. महाविद्यालयाच्या आवारात मूर्तिपूजेला मात्र परवानगी नव्हती. पुढे १८३३ मध्ये संस्थेची घटना तयार झाली, तिच्यात जात, वर्ण किंवा देश या कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारायचा नाही असे कलम आले. शपथ कोणालाच द्यायची नाही, असेही ठरले. मात्र संस्था चालवणाऱ्या मंडळावर वेगळे बंधन होते : ख्रिस्ताचे देवत्व आणि त्याचे प्रायश्चित्त या सिद्धांतांना उघड विरोध असणारा माणूस त्या मंडळावर बसू शकत नव्हता. श्रद्धेची अट चालवणाऱ्याला आणि मोकळीक शिकणाऱ्याला, अशी ही रचना. ऑक्सफर्डमध्ये अट शिकणाऱ्यावर होती. सेरामपूरच्या मंडळींनी ती उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली. ख्रिस्ती मुळांच्या विद्यापीठांची मूल्ये कोणती, या प्रश्नावर मला आजवर सापडलेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे.

यातले जातीचे कलम पुस्तकातून आलेले नाही. सेरामपूरला ते आधी जगून झाले होते. १८०० च्या डिसेंबरमध्ये कृष्ण पाल हा सुतार मिशनऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवला आणि मग त्याने बाप्तिस्मा घेतला. १८०३ मध्ये कृष्णप्रसाद या ब्राह्मण तरुणाचे लग्न याच कृष्ण पालच्या मुलीशी झाले. दक्षिणेत तरंगंबाडीच्या जुन्या मिशनच्या चर्चमध्ये जातींना जागा दिली गेली होती, बसण्याच्या जागासुद्धा वेगळ्या होत्या. सेरामपूरने ती वाट नाकारली. पंगत आणि लग्न या दोन ठिकाणी जात मोडल्यावर मगच ती प्रवेशाच्या नियमातून काढली गेली. असा नियम टिकतो. नुसता कागदावर लिहिलेला नियम पहिल्या अडचणीला वाकतो.

या माणसांना उदारमतवादी ठरवण्याची घाई मात्र कोणी करू नये. धर्मांतर हा त्यांचा उघड हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. हिंदू रीतींवर वॉर्डने लिहिलेले ग्रंथ आज वाचताना अंगावर येतात. राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये ख्रिस्ताची नीतिवचने वेगळी काढून छापली, चमत्कार आणि सिद्धांत बाजूला ठेवले, तेव्हा मार्शमन त्यांच्यावर तुटून पडला. कित्येक वर्षे तो वाद चालला. श्रद्धेच्या बाबतीत इतका कडवा असलेला हाच माणूस वर्गातल्या हिंदू मुलावर बळजोरी करायची नाही, या नियमाचाही धनी होता. आपले सत्य दुसऱ्याला पटावे अशी तळमळ आणि ते लादायचे नाही असा निश्चय एकाच मनात राहू शकतो. मला तर वाटते, अशा मनातच तो निश्चय खरा कसाला लागतो. ज्याला कशाचेच फारसे पडलेले नाही, त्याच्या सहिष्णुतेला मोजायचे तरी कशाने?

दुसरे मूल्य भाषेचे आणि विज्ञानाचे. यात आपल्या मराठीचाही हिस्सा आहे. कॅरी फोर्ट विल्यम महाविद्यालयात बंगाली आणि संस्कृतसोबत मराठीही शिकवत असे. त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मोडी टंकातला मराठी कोश १८१० मध्ये निघाला, आणि त्या कामात वैजनाथ पंडितांचा हात मोठा होता. १८१४ मधली छापील ‘सिंहासनबत्तिशी’ सेरामपूरचीच. म्हणजे मुंबई-पुण्यात मराठी छपाई रुजण्याच्या आधी मराठी गद्य हुगळीच्या काठी छापले जात होते. परक्या धर्माचा प्रसार करायला आलेल्या माणसांनी लोकांची भाषा इतक्या गांभीर्याने घेतली, ती आधी बायबलच्या अनुवादासाठी. पण महाविद्यालयापर्यंत पोचेतो त्या भाषाप्रेमाची कक्षा रुंदावली होती. स्कॉटलंडहून आलेला जॉन मॅक तिथे रसायनशास्त्र शिकवी आणि त्याचे रसायनशास्त्राचे बंगाली पुस्तक १८३४ मध्ये प्रसिद्ध झाले.

विज्ञानावरून त्यांना स्वतःच्या लोकांशीही भांडावे लागले. वॉर्ड अमेरिकेत फिरून महाविद्यालयासाठी पैसे जमवत होता, तेव्हा तिथल्या देणगीदारांनी अट घातली की, हा पैसा विज्ञान शिकवण्यावर खर्च होता कामा नये, फक्त धर्मोपदेशक घडवण्यावर व्हावा. सेरामपूरहून याला संतप्त उत्तर गेले : तुमच्याकडचे उपदेशक तुम्ही विज्ञानाशिवाय तयार करता काय? देणगीदाराची अट आणि संस्थेचे मूल्य यांची ही टक्कर आजच्या कोणत्याही खासगी विद्यापीठाला ओळखीची वाटेल.

१८२७ मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने सेरामपूरला सनद दिली आणि पदव्या देण्याचा अधिकार दिला. कोपनहेगन आणि कील या विद्यापीठांच्या तोडीचा हा अधिकार होता. गाव डॅनिश वसाहतीत होते आणि कंपनी सरकारने मिशनऱ्यांना थारा दिला नाही तेव्हा तिथेच त्यांना आसरा मिळाला होता. कलकत्ता, मुंबई, मद्रास ही विद्यापीठे निघायला अजून ३० वर्षे होती. पण सनद हाती आल्यावर तिचा वापरच झाला नाही. वॉर्ड १८२३ मध्येच गेला होता. ज्या व्यापारी पेढ्यांत संस्थेचा पैसा होता त्या १८३० नंतर बुडाल्या. कॅरी १८३४ मध्ये आणि मार्शमन १८३७ मध्ये वारला. अलेक्झांडर डफ या मिशनऱ्याने कलकत्त्यात इंग्रजी माध्यमाची वाट घेतली आणि सरकारही त्याच दिशेने गेले. १८४५ मध्ये डेन्मार्कने गाव इंग्रजांना विकले, तरी करारात सनदेचे हक्क राखून ठेवले. ते कागदावर राहिले. १८८३ मध्ये तर महाविद्यालय आक्रसून केवळ ख्रिस्ती विद्यार्थ्यांची धर्मशिक्षणाची शाळा झाले. संस्थापकांची श्रद्धा जशीच्या तशी होती, पण त्यांनी इतरांसाठी उघडलेले दार लोटले गेले होते. धर्म शिल्लक राहून मूल्य कसे हरवते, याचे हे उदाहरण मला फार बोलके वाटते.

ते दार पुन्हा उघडले जॉर्ज हॉवेल्स या प्राचार्याने. १९११ च्या सुमारास कला शाखा परत सुरू झाली, कलकत्ता विद्यापीठाशी संलग्नता मिळाली. १९१५ मध्ये सनदेखालच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या, सनद मिळून ८८ वर्षांनी. १९१८ मध्ये बंगालच्या कायदेमंडळाने सेरामपूर महाविद्यालयाचा कायदा केला आणि कारभारात बाप्टिस्टांबरोबर इतर पंथांनाही जागा दिली. ज्या संस्थेने जात ओलांडली तिला स्वतःच्या पंथाची कुंपणे ओलांडायला मात्र शतक लागले. देशभरच्या ईश्वरविद्येच्या महाविद्यालयांना आज तिचे सिनेट पदव्या देते. आवारातले कला, विज्ञान, वाणिज्याचे विद्यार्थी मात्र पदवी घेतात ती कलकत्ता विद्यापीठाची.

याच सिनेटशी संलग्न असलेल्या बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात १९८१ मध्ये अरविंद निर्मळ यांनी एक भाषण केले. निर्मळ जालन्याचे, मराठी ख्रिस्ती. ज्या विद्यार्थिमंडळापुढे ते बोलले त्याला कॅरीचेच नाव होते. भारतातली ख्रिस्ती ईश्वरविद्या आजवर ब्राह्मणी तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलत आली, चर्चमधले बहुसंख्य लोक ज्या जातींतून आले त्यांचे दुःख तिच्यात कुठेच नाही, असा त्यांचा आरोप होता. त्या भाषणातून दलित ईश्वरविद्येचा प्रवाह सुरू झाला. १८३३ च्या कलमाने जातीला प्रवेशाच्या दारात अडवले होते. निर्मळांनी विचारले की, वर्गात जे शिकवले जाते त्यातून ती गेली आहे का. हा प्रश्न संस्थेच्या बाहेरून कोणी टाकला नव्हता. तिच्याच पठडीत शिकवणारा माणूस तो विचारत होता, आणि आज त्याच सिनेटच्या अभ्यासक्रमात दलित ईश्वरविद्या शिकवली जाते.