भरताने आधी पहारे बसवले



आजचं वाचन तुलसीदासांच्या रामचरितमानसातलं, अयोध्याकांड. दशरथ महाराज गेलेत, राम वनात आहे. भरताने गादीला हात जोडून नकार दिलाय आणि सगळी अयोध्या रामाला परत आणायला निघणार आहे. इथे आपण जरा भराभर वाचतो, कारण पुढे निषादराज आहे, चित्रकूटची भेट आहे. पण निघण्याआधी भरत एक काम करतो, त्यावर आज थांबू या.

तो घरी जाऊन विचार करतो: हे नगर, हत्ती-घोडे, वाडे, भांडार, हे सगळं रघुनाथाचं आहे. याची काही व्यवस्था न लावता मी निघून गेलो, तर ते मोठं पाप होईल. मग तो स्वप्नातसुद्धा धर्मापासून ढळणार नाहीत असे सेवक बोलावतो, ज्याला जे जमेल ते त्याच्याकडे सोपवतो, पहारे बसवतो आणि मगच कौसल्यामातेकडे जातो.

गंमत बघा. ज्याला राज्य नकोच आहे, तो कुलपं नीट लागली का ते बघतोय!

आपल्याकडे वैराग्याची कल्पना जरा सोपी झालीये. माझ्या ओळखीतल्या एकाचे वडील गेले. मृत्युपत्र नाही. फ्लॅटच्या किल्ल्या, कपाटातली कागदपत्रं, भाडेकरूकडून येणारं भाडं, सगळं मोठ्या भावाकडे. हा मला म्हणाला, "अरे, मला काही नकोय. भांडण नको, मी नामस्मरण करतो." मी त्याला विचारलं, "तुला नको, ठीक आहे. पण आईला विचारलंस का? ताईला?" कारण हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत आई, मुलगे, मुली सगळ्यांचा सारखा वाटा. स्वतःचा वाटा सोडणं हा त्याग आहे. आईचा वाटा आपण परस्पर सोडून देणं याला त्याग कोण म्हणेल?

मग त्याने ताईला बोलावलं. दोन शेजाऱ्यांसमोर कपाट उघडलं, दागिने-कागदपत्रांची यादी केली, फोटो काढले, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. भाडं वेगळ्या खात्यात जमा होऊ लागलं. त्यातूनच सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी. वडिलांच्या एटीएम कार्डाला हात लावायचा नाही, बँकेला मृत्यूचा दाखला द्यायचा. मोठा भाऊ चिडला, "बाबांना जाऊन महिना नाही झाला आणि हिशोब काढतोय" असं नातेवाइकांत बोलला. हे ऐकावं लागतंच. त्याच प्रसंगात भरताच्या मनात येतं की लोकांनी कोटी दोष दिले तरी स्वामीचं हित करतो तोच सेवक. आणि खरंच, पुढे निषादराजाने त्याच्यावर संशय घेतला, लक्ष्मणानेही घेतला.

कायद्यालाही ही मधली वेळ माहीत आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या सातव्या भागात तरतूद आहे: कुणी हक्क नसताना मृताच्या मालमत्तेचा ताबा घेतला किंवा जबरदस्तीने घेईल अशी भीती असेल, तर वारस जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज करू शकतो. अर्ज मृत्यूपासून ६ महिन्यांच्या आत करावा लागतो, हे लक्षात ठेवा. सुतकात आणि संकोचात हे महिने भुर्रकन जातात. निकालाआधीच मालमत्तेची अफरातफर किंवा नासाडी होण्याचा धोका दिसला, तर न्यायाधीश क्युरेटर नेमू शकतात. तो यादी करतो, सांभाळतो, हिशोब देतो. आणि या आदेशाने ठरतो फक्त ताबा. मालक कोण, हा प्रश्न दिवाणी दाव्यात खुलाच राहतो. मृत्युपत्रावर वाद चालू असताना नेमलेल्या प्रशासकालाही वाटप करता येत नाही, कलम २४७ मध्येच तसं आहे.

आमच्या कामात सर्व्हरचा ॲडमिन ॲक्सेस माझ्याकडे असतो. म्हणून त्यातला डेटा माझा होत नाही. नॉमिनीचंही तसंच. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत पुन्हा सांगितलं की नॉमिनी झाल्याने वारसांचा हक्क जात नाही. घरोघरी यावरून गैरसमज आहेत. "माझं नाव लावलंय ना" म्हणून पैसे खर्च करून मोकळे होतात लोक!

चौदा वर्षं भरत नंदिग्रामात राहिला, गादीवर पादुका. वाल्मीकी रामायणात युद्धकांडाच्या शेवटी राम परत येतो, तेव्हा भरत काय म्हणतो? कोश, कोठार, नगर, सैन्य, सगळं तपासून घ्या, तुमच्या प्रतापाने ते दहापट झालंय. इतक्या वर्षांनी भेटलेला भाऊ, डोळ्यांत पाणी, आणि त्यातही हिशोब समोर ठेवतोय. मला हा प्रसंग पादुकांच्या प्रसंगाइतकाच आवडतो, पण कीर्तनात क्वचितच ऐकू येतो.

त्या मित्राचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. वारस दाखल्याचा अर्ज कोर्टात आहे, भाऊ मोजकंच बोलतो. भाडं मात्र दर महिन्याला त्या खात्यात जमा होतं आणि आई पासबुक भरून आणते.

उद्या शृंगवेरपूर, निषादराजाची भेट.

राम कृष्ण हरी.