समुद्र साक्ष देत नाही

भरसमुद्रात, मध्यरात्री, मालवाहू जहाजाच्या डेकवरून कुणी कचऱ्याची पिशवी भिरकावली तर कोण पाहणार? जहाज पुढे निघून जाते, पाणी मिटते, खूण उरत नाही. वसई-गोव्याच्या अनेक ख्रिस्ती घरांतील मुलगे जहाजावर नोकरीला असल्यामुळे ही पिशवी आपल्याला परकी नाही. पाहणारे कुणी नसताना माणसाने कसे वागावे, हा नीतीचा जुनाच प्रश्न तेथे उभा राहतो.

कायद्याने आपले उत्तर दिले आहे. जहाजांमुळे होणारे सागरी प्रदूषण रोखण्यासाठी १९७३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला. कचऱ्याविषयीचे त्याचे पाचवे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ रोजी अमलात आले. प्लास्टिक कोठेही समुद्रात टाकण्यास त्याने मनाई केली. नायलॉनचे दोरसुद्धा त्यातून सुटले नाहीत. २०१३ पासून बंधने आणखी कडक झाली. आता स्पष्ट मुभा नसलेले काहीही टाकता येत नाही. उरलेले अन्नदेखील धावत्या जहाजातूनच टाकायचे: बारीक केलेले किनाऱ्यापासून किमान ३ सागरी मैलांवर, एरवी १२ मैलांवर, काही विशेष क्षेत्रांत तर याहूनही कठोर अटी आहेत. मोठ्या जहाजांवर कचऱ्याची नोंदवही असते. कोणता कचरा, किती, केव्हा, कोठे, हे लिहून अधिकारी सही करतो आणि भरलेल्या प्रत्येक पानावर कप्तान सही करतो.

परंतु कागद काहीही सोसतो. वहीत खोटेही लिहिता येते. कायदा सहीपर्यंत पोहोचतो. सहीमागच्या हातापर्यंत केवळ सदसद्विवेकबुद्धीच पोहोचते. आपण प्रायश्चित्त संस्कारापूर्वी दिवसांचा झाडा घेतो, तो वहीत न लिहिलेल्या गोष्टींचाच असतो.

तथापि सारा दोष खलाशाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बंदरात कचरा स्वीकारण्याची पुरेशी सोय असावी, ही जबाबदारी करारानेच शासनांवर टाकली आहे. जेथे सोय नाही, किंवा तिचा खर्च मालकाला जड वाटतो, तेथे प्रामाणिक खलाशाला कुबट वासाच्या पिशव्या पुढच्या बंदरापर्यंत सांभाळाव्या लागतात. त्याच्या सचोटीची किंमत तो एकटाच मोजतो. त्या जहाजातून आलेला माल मात्र आपण सारेच वापरतो.

मुलगा सुटीवर घरी येतो, तेव्हा त्याने काय आणले, हे आपण हौसेने विचारतो. त्याने समुद्रात काय टाकले नाही, हेही एकदा विचारावे. आणि ते सांगताना त्याला कोणाची भीती वाटू नये, असे घर आपण ठेवावे.