निर्यात-बंदीचा न्याय

आपल्या जिल्ह्यात राहुरी, नेवासे, पारनेर, संगमनेर ह्या तालुक्यांत कांदा पिकविणारे पुष्कळ आहेत. आणि ज्यांस एक गुंठाही जमीन नाही व जे सायंकाळी मजुरीच्या पैशांतून पावशेर कांदा विकत घेऊन घरी जातात, असेही पुष्कळ आहेत. एकाच मंडळीत हे दोघे शेजारी शेजारी बसतात. सरकार जेव्हा कांदा परदेशी पाठविण्यास मनाई करिते, तेव्हा ते ह्यांपैकी एकाच्या पदरातले काढून दुसऱ्याच्या पदरात घालिते. असे करणे न्यायाचे आहे काय, हा प्रश्न बाजाराचा जितका आहे तितकाच नीतीचाही आहे.

प्रथम झालेली हकीकत पाहू. ता. १९ ऑगस्ट २०२३ रोजी सरकारने कांद्याच्या निर्यातीवर शेकडा ४० शुल्क बसविले. ऑक्टोबरच्या अखेरीस दर टनास ८०० डॉलरांहून कमी किमतीने माल बाहेर पाठवू नये असे ठरविले, आणि ८ डिसेंबरपासून निर्यात मुळीच बंद केली. ही बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तरी शुल्क राहिलेच. ते सप्टेंबरात शेकडा २० वर आले व १ एप्रिल २०२५ पासून पुरते निघाले. ह्यापूर्वी २०१९ च्या व २०२० च्या सप्टेंबरातही अशीच बंदी झाली होती. तेव्हा ही गोष्ट अपवादाची राहिली नसून आपल्या राज्यकारभाराची एक रीतच होऊन बसली आहे.

सरकार असे का करिते? केवळ शेतकऱ्याच्या द्वेषाने करिते, असे कित्येक म्हणतात. आम्हांस ते खरे वाटत नाही. २०२३ चा ऑगस्ट महिना देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता आणि खरिपाचे पीक लांबले होते. कांदा ही अशी वस्तू आहे की, थोडा तुटवडा पडला तरी भाव फार चढतो, कारण चूल पेटली की कांदा हवाच, आणि भाव चढला म्हणून कोणी त्याशिवाय राहात नाही. शिवाय भाकरीबरोबर दुसरे कालवण नसले म्हणजे गरिबाचे तेच कालवण असते. आणखी एक कारण आहे, ते उघड बोलले जात नाही. १९९८ साली दिल्लीच्या निवडणुकीत महाग कांद्याने एक सरकार घालविले, हे कोणताही राज्यकर्ता विसरलेला नाही. शहरातील गिऱ्हाइकाचा आवाज लवकर ऐकू जातो; वाफ्यात खुरपणाऱ्याचा जात नाही.

परंतु बंदी न करणे हेही कधी कधी मोठे पाप असते, हे ह्याच दख्खनने पाहिले आहे. १८७६ ते १८७८ ह्या दुष्काळात नगर, पुणे, सोलापूर ह्या जिल्ह्यांत माणसे व गुरे अन्नावाचून मरत होती. तथापि लॉर्ड लिटन ह्यांच्या सरकारने धान्याची निर्यात थांबविली नाही. व्यापारास हात लावू नये, बाजार आपोआप सर्व नीट करील, असे त्यांचे मत होते. सर रिचर्ड टेंपल ह्यांनी तर दुष्काळी कामावरील मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य व वर एक आणा येथवर उतरविली. धान्य देशात होते, आगगाडी होती. फक्त भुकेल्याच्या हाती पैसा नव्हता, आणि ज्याच्या हाती पैसा होता तो गिऱ्हाईक समुद्रापलीकडे होता. अशा वेळी कोठाराचे दार परदेशच्या व्यापाऱ्यास मोकळे ठेवणे ह्यास न्याय म्हणता येत नाही.

मौज अशी की, ज्या ॲडम स्मिथच्या नावाने हे सर्व चालले, त्यानेच १७७६ च्या आपल्या ग्रंथात असा अभिप्राय दिला आहे की, शेतकऱ्यास चांगल्या बाजारी माल नेऊ न देणे म्हणजे लोकहिताच्या कल्पनेपुढे न्यायाच्या साध्या नियमांचा बळी देणे होय, आणि अत्यंत निकडीच्या प्रसंगीच त्याची क्षमा होऊ शकते. १८७७ साली ती निकड होती, पण बंदी नव्हती. २०२३ साली बंदी होती. निकड कितपत होती ह्याचा वाचकांनीच विचार करावा. ज्वारी नसली तर माणूस मरतो. कांदा महाग झाला तर घरखर्चाची ओढाताण होते, व ती ओढाताण खरी आहे. परंतु ह्या दोन गोष्टींस एकाच तागडीत घालणे बरोबर नाही.

आता बंदीचा भार कोणावर पडतो ते पाहा. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने टिकतो. डिसेंबरात निघणारा लाल कांदा टिकत नाही. तो काढला की घोडेगावच्या किंवा राहुरीच्या बाजारात नेलाच पाहिजे, मग भाव काही असो. म्हणून डिसेंबरातील बंदीने ज्याचे नुकसान झाले त्यास वाट पाहण्याचीही सोय नव्हती. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्यास ५१२ किलो कांदा विकून, खर्च वजा जाता, दोन रुपयांचा चेक मिळाला होता! पुढे राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केले, हे सांगितलेच पाहिजे. तथापि भाव पडला म्हणजे तो बाजाराचा खेळ, आणि भाव चढला म्हणजे देशाचे संकट, अशी दोन मापे शेतकऱ्यास डाचतात. त्यातच २०२४ च्या एप्रिलात गुजरातेतील पांढऱ्या कांद्यास दोन हजार टनांची परवानगी निघाली, तेव्हा आपल्याकडे संताप झाला तो काही उगाच नव्हे.

ह्यात तिसराही एक आहे, आणि त्याचा विचार आपण फारच कमी करितो. तो म्हणजे परदेशातील खाणारा. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठविला व दुष्काळात कनानाहून आलेल्या परक्यांसही धान्य विकले. २०१९ साली बंदी झाली तेव्हा बांगलादेशाच्या पंतप्रधान शेख हसीना ह्यांनी दिल्लीतच विनोदाने सांगितले की, आपण स्वयंपाक्यास कांद्याशिवाय स्वयंपाक करावयास सांगितले आहे, आणि पुढल्या वेळी आधी कळविले तर बरे. डाक्क्यातील गरिबास तो विनोद वाटला नसावा. २००८ साली भारत, व्हिएतनाम आदी देशांनी तांदूळ अडविला, तेव्हा जगातील तांदळाचा भाव काही महिन्यांत दुपटीहून अधिक झाला व विकत घेऊन खाणारे देश घाबरून गेले. प्रत्येकाने आपापले दार लाविले म्हणजे बाहेर राहिलेल्याची भूक वाढते.

सरकारास हा अधिकारच नसावा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु शहराच्या सोयीसाठी भाव उतरवावयाचा असेल तर त्याचा खर्च शहरासह सर्व देशाने खजिन्यातून द्यावा. एका पिकाच्या शेतकऱ्यांवर तो न लिहिलेला कर म्हणून बसवू नये. २०२३ साली सरकारने उन्हाळी कांदा विकत घेऊन साठविला व पुढे शहरांत २५ रुपये किलोने विकला, ही रीत त्यातल्या त्यात बरी. मात्र खरेदी शेतकऱ्याच्या हाती दाम पडेल अशी व्हावयास हवी. आणि बंदी करावयाचीच असेल तर लागवडीपूर्वी सांगावी. रोप लावून, पाणी देऊन, काढून, गाडी भरल्यावर सांगू नये. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेले म्हणजे ते सहज परतत नाही. बांगलादेशाने आपल्याच शेतांत कांद्याची लागवड वाढविण्याचा प्रयत्न केव्हाच सुरू केला आहे.