गुण कोणाचे आणि कृपा कोणावर?

दहावीचा निकाल लागला की आमच्या नाना पेठेत दोन दिवस पेढ्यांचा सुकाळ असतो. परीक्षा मंडळाचे मुख्य कार्यालय पुण्यातच. म्हणून की काय, निकालाची बातमी इथे अंमळ मोठ्याने वाजते. पूर्वी वर्तमानपत्रात बारीक टायपातून नंबर शोधावा लागे, आता पोरे हातातल्या फोनवर गुण पाहतात. छातीतली धडधड मात्र तीच आहे.

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या वाड्यातली एक मुलगी ब्याण्णव टक्के मिळवून पेढे द्यायला आली. मी माळकरी माणूस, सवयीने बोलून गेलो, "पोरी, पांडुरंगाची कृपा हो!" शेजारच्या बिऱ्हाडातली बाई दारातच उभी होती. तिचा मुलगा गणित आणि विज्ञान अशा दोन विषयांत राहिला होता. ती भांडायला आली नव्हती. हळूच म्हणाली, "बुवा, मग आमच्या पोरावर त्याची अवकृपा झाली म्हणायची का? एकादशी तर मीसुद्धा धरते." चाळीस वर्षे कीर्तने ऐकली, पण त्या बाईला द्यायला माझ्याजवळ शब्द नव्हता. पेढा हातात तसाच राहिला.

आपण वारकरी हे वाक्य किती सहज बोलतो! त्यात नम्रता असते, हे खरे. मिळालेले माझे नाही, त्याचे आहे, असे म्हणणारा अहंकारापासून थोडा तरी लांब राहतो. परंतु हेच वाक्य दुसऱ्याच्या दारात जाऊन पडले की त्याचा धोंडा होतो. पास होणे ही कृपा असेल, तर नापास होणे काय? याचा विचार न करता आपण बोलतो आणि ज्याला आधीच लागलेले असते त्याला देवाच्या नावाने आणखी लागते.

त्या रात्री मी नीट विचार करून पाहिला. त्या मुलीच्या घरी निजायला वेगळी खोली आहे, वडील रोज तास-दीडतास तिला घेऊन बसतात. या मुलाचा बाप रात्रपाळीला, आई चार घरची धुणीभांडी करते, आणि पहाटे नळावर नंबर लावायचा तो या पोराने. मुलीने कष्ट केले नाहीत असे मी म्हणत नाही. दहाच्या पुढे तिच्या खिडकीत दिवा मी रोज पाहत होतो. पण दिवा कोणाच्या घरी किती वेळ जळतो, हे सगळेच का पांडुरंग ठरवतो?

अहो, याच पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. त्याआधी घरोघरच्या लेकी निरक्षर राहिल्या, तेव्हा देवाची त्यांच्यावर अवकृपा होती काय? दार माणसांनी लावले होते आणि माणसांनीच उघडले. चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वारासमोर आहे; त्यांना आत येऊ दिले नाही ते पुजाऱ्यांनी आणि लोकांनी, विठोबाने नव्हे. ते दार सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. तेही एके काळी अमळनेरच्या शाळेतले मास्तरच. तेव्हा आपल्या हिशेबातली चूक देवाच्या खात्यावर मांडण्याची आपली खोड जुनीच आहे.

कोणी म्हणेल, मग कृपेला कामच उरले नाही, सगळा अभ्यासाचाच प्रताप! तसेही नाही. जोग महाराजांचे उदाहरण पाहा. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. नुसत्या कृपेने कीर्तनकार तयार होत असते तर शाळा कशाला काढायची? तिथे मुले अभंग पाठ करतात, ज्ञानेश्वरीचा अर्थ लावतात, चुकली की पुन्हा म्हणतात. त्यांचेच शिष्य सोनोपंत दांडेकर, आपले मामासाहेब. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि कीर्तनाला उभे राहिले की गळ्यात वीणा. "शिकून काय मिळते, नाम घ्या" म्हणणाऱ्या आळशाला त्यांच्याकडे पाहिले तरी उत्तर मिळावे.

मला जे उमगले ते असे. कृपा ही बक्षिसाच्या वाटपासारखी नसते. या ओंजळीत जास्त, त्या ओंजळीत कमी, असा तिथे हिशेब नाही. ती चालणाऱ्याच्या पायात असते. आळंदीहून पंढरपूर साऱ्यांना सारखेच लांब. दिवेघाटात एखादी म्हातारी मागे पडते, बसते, कोणी तिचे गाठोडे घेते, ती पुन्हा उठते. ज्या बळाने ती उठली ते बळ आणि ज्याने गाठोडे घेतले तो हात, यांना मी कृपा म्हणेन. पुढे कोण पोहोचले याची नोंद वारीत कोणी ठेवत नाही. पण चालावे ज्याचे त्यानेच लागते, हेही तितकेच खरे.

आता पास झालेल्या बाळांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. पेढे वाटा, पण शेजारचे दार वगळू नका, आणि तिथे गेल्यावर टक्के सांगत बसू नका. वह्या रद्दीत घालण्याआधी कोणाला हव्यात का ते विचारा. आणि राहिलेल्यांनो, दोन विषय गेले म्हणजे जन्म गेला नाही. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषयांत राहिलेल्यालाही अकरावीची वाट मोकळी असते. आयटीआयमध्ये जाऊन हातात हत्यार धरणाऱ्याचे घर चालते. कबीर विणकर, सावतोबा माळी, गोरोबा कुंभार. त्यांचा धंदा त्यांच्या परमार्थाच्या आड आला नाही. आईबापांना मात्र हात जोडून विनंती की निकालाच्या रात्री पोराला एकटे सोडू नका. दोन घास जेवू घाला, बोलायचे ते दुसऱ्या दिवशी बोला.

त्याच वर्षी ज्येष्ठ वद्यात पालख्या पुण्यात आल्या. माउली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या मंदिरात, तुकोबाराय आमच्या निवडुंग्या विठोबाला. वाड्यासमोर आम्ही पाण्याची टाकी ठेवली होती. तो मुलगा सकाळपासून तांब्याने पाणी देत होता. परीक्षा दोन-चार दिवसांवर होती. मी म्हटले, "अरे, अभ्यास?" म्हणाला, "बुवा, पहाटे चारला उठून केलाय." त्याची आई मागे भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी होती. मी तिला म्हटले, "बाई, त्या दिवशी मी चुकीचे बोललो." ती काही बोलली नाही. टोपली माझ्या हातात दिली आणि पुढच्या दिंडीकडे बोट दाखवले.

पुरवणीत त्याचे गणित सुटले. विज्ञान राहिले आहे. आता तो संध्याकाळी आमच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसतो. मला त्यातले काही कळत नाही. ब्याण्णव टक्केवाली येते आणि समजावून सांगते. मी दिवा लावून देतो आणि माझी जपमाळ घेऊन बाजूला बसतो.