वडिलांशी मतभेद : दीक्षा, निष्ठा आणि विमत

१

'प्रेस्बिटर' या ग्रीक उगमाच्या पदासाठी मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'वडील' हा शब्द रूढ झालेला आहे. मूळ शब्दाचा अर्थही 'वयाने मोठा' असाच असल्याने या भाषांतरात वावगे काही नाही. परंतु शब्द एका भाषेतून दुसरीत येतो तेव्हा केवळ अर्थ घेऊन येत नाही. ज्या भाषेत तो स्थिरावतो तिथले नातेसंबंध, आज्ञा आणि संकोच यांचे सारे जाळे त्याला येऊन चिकटते. मराठी घरात वडील निवडले जात नाहीत, ते असतात. त्यांच्याशी झालेला मतभेद हा मतभेद ठरत नाही, तो अवज्ञा ठरतो. याउलट प्रेस्बिटेरियन मंडळीत वडिलांची निवड होते. ते सभेत बसून मत देतात, निर्णय बहुमताने होतो आणि ज्याला तो मान्य नाही त्याला आपली असहमती इतिवृत्तात नोंदविण्याची मुभा असते. म्हणजे 'मंडळीचे वडील' या एकाच पदबंधात परस्परांशी न जुळणाऱ्या दोन सत्ता एकत्र नांदतात : एक जन्माने आलेली, दुसरी संमतीने दिलेली.

पाळकपदाची दीक्षा कोणाला द्यावी, कोणी द्यावी आणि कोणाला नाकारावी, या प्रश्नावर अशा मंडळ्यांत वारंवार वाद झाले आहेत. त्या वादांत दोन्ही बाजू 'निष्ठा' हाच शब्द वापरतात, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. प्रस्तुत निबंधात विचारावयाचा प्रश्न असा : ज्या संस्थेने आपल्याला अधिकार दिला, तिच्याच दीक्षाविषयक धोरणाला विरोध करणारा माणूस निष्ठावंत कसा ठरू शकतो? आणि ठरत असेल, तर निष्ठावंत विमत आणि निव्वळ हट्ट यांतील भेद कशाने ओळखावा?

हा प्रश्न केवळ चर्चच्या चार भिंतींतला आहे असे समजण्याचे कारण नाही. शेलू, नेरळ, कर्जत, खालापूर हा पट्टा ज्या रायगड जिल्ह्यात येतो, तेथे गावकी ही संस्था आजही अपरिचित नाही. गावकीच्या निर्णयाविरुद्ध बोलणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकल्याच्या अनेक तक्रारी या जिल्ह्यातून पुढे आल्या, आणि महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. गावकीतही वडीलधारेच बसतात. तेथे निष्ठेची व्याख्या सोपी असते : जो गप्प राहतो तो आपला. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली, संस्था ढासळू लागली की सभासदापुढे बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे हे दोन मार्ग असतात आणि निष्ठा त्या दोहोंतील निवडीवर प्रभाव टाकते, अशी मांडणी केली. वाळीत टाकणे या प्रथेने या मांडणीत एक तिसरी शक्यता दिसते. आवाज उठविणाऱ्याला संस्थाच बाहेर काढते, आणि मग तोच सोडून गेला असे सांगते.

२

दीक्षेच्या बाबतीत निष्ठेचा प्रश्न विशेष अवघड का होतो, हे समजण्यासाठी दीक्षा ही कोणत्या प्रकारची कृती आहे ते पाहिले पाहिजे. जे. एल. ऑस्टिन यांनी दाखविल्याप्रमाणे काही उच्चार वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ते वस्तुस्थिती घडवितात. डोक्यावर हात ठेवून उच्चारलेली दीक्षेची वाक्ये या जातीची आहेत. त्यांना खरे-खोटे म्हणता येत नाही. ती लागू पडतात किंवा पडत नाहीत. आणि ती लागू पडावयाची तर योग्य व्यक्तीने, योग्य प्रसंगी, मान्य रीतीने ती उच्चारावी लागतात. म्हणून 'योग्य व्यक्ती कोण' हा वाद दीक्षेत बाहेरून शिरलेला नाही, तो तिच्या रचनेतच आहे.

पण या कृतीची दुसरी बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. दीक्षार्थी वचन देतो, हे आपण पाहतो. संस्थाही त्याच क्षणी वचन देत असते, हे विसरतो. तुला आम्ही आमच्यासारखा मानू, तुझा शब्द सभेत आमच्या शब्दाइतकाच मोजू, असे ते वचन आहे. म्हणून दीक्षित माणसाची निष्ठा दोन ठिकाणी बांधलेली असते : संस्थेच्या आजच्या आज्ञेशी आणि संस्थेने स्वतः दिलेल्या वचनाशी. ही दोन एकमेकांपासून दूर गेली की विमत अटळ होते, आणि त्या विमताला संस्थेच्याच शब्दाचा आधार असतो.

३

मराठी मुलखातील स्कॉटिश मिशनचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये पाळकाची नेमणूक करण्याचा हक्क १७१२ च्या कायद्याने जमीनदार आश्रयदात्यांना मिळालेला होता. १८३४ साली चर्चच्या महासभेने, मंडळीतील कुटुंबप्रमुखांच्या बहुमताला नको असलेला पाळक तिच्यावर लादू नये, असा नियम केला. न्यायालयांनी तो अमान्य केला. अखेर १८ मे १८४३ रोजी चर्च दुभंगले. साडेचारशेहून अधिक पाळकांनी घर, वेतन आणि उपासनामंदिर सोडून फ्री चर्च स्थापन केले. मुंबईत जॉन विल्सन, रॉबर्ट नेस्बिट, मरे मिचेल हे मिशनरी त्यांच्याबरोबर गेले आणि त्यांनी जुन्या चर्चच्या मालकीची संस्था व तिची मालमत्ता सोडून दिली. आज विल्सन महाविद्यालय म्हणून जे ओळखले जाते त्याची परंपरा या बाहेर पडलेल्यांकडून येते. बाहेर पडणारे स्वतःला फुटीर मानीत नव्हते. खरे स्कॉटिश चर्च आपणच, असा त्यांचा दावा होता. पुढे १८७४ साली आश्रयदात्यांचा तो हक्क कायद्यानेच रद्द झाला आणि १९२९ साली दोन्ही प्रवाहांचा मोठा भाग पुन्हा एकत्र आला.

मंडळीच्या संमतीवाचून पाळक लादू नये, या तत्त्वासाठी सर्वस्व सोडणाऱ्या या फ्री चर्चने भारतात स्वतःच्या तत्त्वाचे काय केले? तिने धनजीभाई नौरोजी यांना १८४६ साली एडिंबरोत आणि नारायण शेषाद्री यांना १८५४ साली दीक्षा दिली. त्या काळाचा विचार करता हे पाऊल लहान नव्हते. प्रेस्बिटरीत दीक्षित भारतीय हा मिशनऱ्याच्या बरोबरीचा सभासद होता. परंतु एकोणिसाव्या शतकातील मिशनांची घडण अशी होती की, मंडळीची सभा एकीकडे आणि पैसा, जागा, नेमणुका ठरविणारी परदेशी मंडळींची यंत्रणा दुसरीकडे. हात ठेवण्याच्या विधीने जी समानता दिली, ती हिशेबाच्या वहीत उतरत नव्हती. संस्थेचे वचन आणि तिची आज्ञा यांत पडलेले हे अंतर पुढील कित्येक मराठी ख्रिस्ती विमतांचे उगमस्थान आहे.

नारायण वामन टिळक प्रेस्बिटेरियन नव्हते. ते ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीक्षित पाळक झाले तिची घडण काँग्रिगेशनल पंथाची होती. पण अंतर तेच होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ साली मिशनची वेतनी सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचे एक खुले बंधुमंडळ कल्पिले. १९१९ साली त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अपुरा राहिला. तरीही त्यांनी काय सोडले आणि काय सोडले नाही याचा हिशेब महत्त्वाचा आहे. त्यांनी वेतन सोडले, सेवा सोडली नाही. मिशन सोडले, ख्रिस्त सोडला नाही. वडिलांच्या घरातून ते बाहेर पडले ते त्या घराने शिकविलेल्या गोष्टी अंगणात करून पाहण्यासाठी.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून वेगळी आहे. १८८३ साली वाँटेज येथे अँग्लिकन बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी दीक्षा मागितली नव्हती. चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न आला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली, आणि सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रसंग्रह १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्या पत्रांचा घाट समीक्षकाने बारकाईने पाहावा असा आहे. सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई जिव्हाळ्याच्या नात्याने संबोधतात, आणि त्याच पत्रात सदसद्विवेकाचा निर्णय दुसऱ्या कोणाच्या हाती देण्यास नकार देतात. संबोधन निष्ठेचे, आशय विमताचा. एक पुरोहितवर्ग मागे टाकून आलेल्या स्त्रीला दुसऱ्याच्या स्वाधीन होणे शक्य नव्हते. पण म्हणून नाते तोडण्याचीही तिला गरज वाटली नाही.

४

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताची संयुक्त मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरांसह इतर काही पंथ तीत एकत्र आले. मुख्य अडचण दीक्षेची होती. बिशपच्या हातून न झालेली दीक्षा अपुरी, असे एका बाजूचे मत. ती पूर्ण आहे, आता पुन्हा हात ठेवून घेणे म्हणजे आपल्या आजवरच्या सेवेला खोटे पाडणे, अशी दुसऱ्या बाजूची व्यथा. तीस वर्षे मंडळी सांभाळलेल्या पाळकाला 'तू अद्याप पाळक नव्हतास' असे अप्रत्यक्षपणेही ऐकावे लागणे, ही केवळ धर्मशास्त्रीय बाब नव्हे. यावर जो विधी योजला गेला त्यात सर्वांनी एकमेकांवर हात ठेवले आणि ज्याला जे उणे असेल ते ईश्वराने पुरवावे, अशा आशयाची प्रार्थना झाली. ही पुनर्दीक्षा आहे की नाही, हे संहितेने मुद्दामच सांगितले नाही.

संदिग्धतेला आपण वाङ्मयीन गुण मानतो. येथे ती नैतिक गुण म्हणून काम करताना दिसते. तिच्यावर चातुर्याचा आरोप झाला, आणि तो अगदीच निराधार नाही. तरी तिच्यात एक न्याय होता : कमीपणाचा संशय एकाच बाजूने सोसावा असे तिने ठरविले नाही. सर्वांची मस्तके खाली झाली.

५

आता एक कठीण उदाहरण घ्यावे लागेल. अमेरिकन प्रेस्बिटेरियनांनी १७२९ साली अशी तडजोड स्वीकारली होती की, श्रद्धापत्रातील एखादे कलम ज्याला पटत नाही त्याने आपली शंका प्रेस्बिटरीपुढे उघड करावी. ती मूलभूत बाबीविषयी आहे की नाही, हे प्रेस्बिटरी ठरवील. विमताला घरातच जागा देणारी ही रीत होती. १९७४ साली पिट्सबर्गच्या प्रेस्बिटरीतील वॉल्टर विन केन्यन या दीक्षार्थ्याने सांगितले की, स्त्रियांच्या दीक्षाविधीत मी सद्बुद्धीने भाग घेऊ शकणार नाही. पण त्यांच्याबरोबर काम करीन, इतरांनी दीक्षा दिल्यास आड येणार नाही. प्रेस्बिटरीने त्याला संमती दिली. संप्रदायाच्या सर्वोच्च न्यायमंडळाने ती रद्द केली : स्त्री-पुरुषांची समान पात्रता हा आता संस्थेच्या घटनेचा भाग आहे, तो शंकेचा विषय नाही. पुढील दशकांत याच संप्रदायात समलिंगी व्यक्तींच्या दीक्षेवरून वाद चालला. १९९७ साली घटनेत घातलेले निर्बंधाचे कलम २०११ साली बदलले गेले.

केन्यनने किंमत मोजली नाही असे म्हणता येत नाही. त्याची दीक्षा गेली. तो प्रामाणिक होता. मग १८४३ चे पाळक आणि तो यांत भेद कोणता? विमत मान्य झाले असते तर त्याचा भार कोणावर पडला असता, हे विचारल्यावाचून तो दिसत नाही. १८४३ च्या पाळकांची मागणी मान्य झाली असती तर आश्रयदात्याचा एक विशेषाधिकार गेला असता, कोणाची माणूस म्हणून पात्रता गेली नसती. केन्यनच्या विमताला जागा दिली असती, तर त्याच्या मंडळीत वडील म्हणून निवडून आलेल्या स्त्रीला तिच्या स्वतःच्या पाळकाने हात लावण्यास नकार दिला असता. त्याच्या विवेकाचा खर्च तिच्या खात्यावर पडला असता. न्यायमंडळाने त्याच्या विवेकाला दोष दिला नाही. तो खर्च दुसऱ्याकडून वसूल करण्यास नकार दिला, असे या निर्णयाचे वाचन करता येते.

यावरून एक कसोटी सुचते. विमत निष्ठावंत आहे की नाही, हे विमत बाळगणारा किती नम्रपणे बोलतो यावरून ठरत नाही, किंवा तो राहतो की जातो यावरूनही नाही. त्या विमताची किंमत प्रामुख्याने कोण देते यावरून ठरते. या कसोटीला मर्यादा आहेत. किंमत नेहमी मोजता येत नाही, आणि प्रत्येक पक्ष आपलीच किंमत मोठी सांगतो. शिवाय परंपरेवर श्रद्धा ठेवणाऱ्याला ती परंपरा बदलल्याने जे गमवावे लागते, तेही नुकसान खरेच असते. परंतु कसोटी एका गोष्टीवर निश्चित प्रकाश टाकते. दीक्षा नाकारलेल्या माणसाला संस्था 'धीर धर, एकी टिकू दे' असे सांगते, तेव्हा ती निष्ठेचे आवाहन करीत असल्यासारखी दिसते. वस्तुतः ती एकीची किंमत एकाच माणसाकडून घेत असते. दक्षिण भारताच्या संयुक्त मंडळीची स्थापना १९४७ सालची. तीत पुष्पा ललिता या पहिल्या स्त्री बिशप झाल्या त्या २०१३ साली. मधल्या सहासष्ट वर्षांतील धीर कोणी धरला, हे सांगण्याची गरज नाही.

६

गावकी आणि प्रेस्बिटरी यांतील खरा भेद येथे दिसतो. वडीलधारे दोन्हीकडे आहेत, बहुमत दोन्हीकडे आहे. भेद इतकाच की एकीत विरोधी मत इतिवृत्तात लिहिले जाते आणि दुसरीत विरोध करणारा वाळीत टाकला जातो. इतिवृत्तातील ती नोंद दुबळी वाटते. त्या दिवशी तिने काहीच बदलत नाही. पण पुढच्या पिढीला ती वाचावयास मिळते, आणि बहुमताने घेतलेला निर्णय एकमताने झाला होता असा खोटा इतिहास लिहिता येत नाही. आपल्या चुकीचा पुरावा स्वतःच्या दप्तरात जपणारी संस्था निष्ठा मागण्यास पात्र ठरते, असे म्हणावयास हरकत नसावी.

'वडील' हा शब्द निवडणाऱ्या भाषांतरकारांना हे सारे अभिप्रेत असण्याचा संभव नाही. तथापि त्या शब्दाने मराठी मंडळीपुढे एक काम ठेवले आहे : ज्याच्याशी भांडता येते आणि भांडून झाल्यावर ज्याच्या पंगतीला बसता येते, असा वडील कल्पिण्याचे. ते काम पुरे झालेले नाही, चर्चमध्ये नाही आणि त्याच्या बाहेरही नाही.